वहीत अडीच हजार किलोमीटर शिल्लक: थंड इंजिनाची खडखड आणि ऑइल बदलण्याचा हिशोब

पार्श्वभूमी

गाडी २०१७ ची. पेट्रोलवर चालणारी, बाराशे सीसीची, चार सिलिंडरची हॅचबॅक. मालक पुण्यातल्या सहकारनगरमध्ये राहणारे निवृत्त दांपत्य. नावे, सोसायटी आणि गाडीची कंपनी मुद्दाम गाळली आहे. त्यांना काका-काकू म्हणू. काकू शाळेतून निवृत्त झाल्या आणि गाडी बहुतेक वेळा त्याच चालवतात. काका बँकेतले. गाडी फारशी चालवत नाहीत, पण गाडीची वही त्यांच्या ताब्यात असते. पेट्रोल कधी भरले, टायर कधी बदलले, पीयूसी कधी संपते, सगळे तारखेनिशी लिहिलेले. इतकी नीट वही मी फार कमी घरांत पाहिली आहे.

माझा व्यवसाय जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी ती तपासून देण्याचा. या कामात एक सवय लागते: गाडी बघायला जायचे तर विकणाऱ्याला आधी सांगायचे की इंजिन सुरू करून ठेवू नका, मी आल्यावरच सेल मारू. तरीही दहापैकी निम्म्या ठिकाणी बॉनेटला हात लावला तर तो कोमट लागतो. इंजिन थंड असताना पहिल्या पाच सेकंदांत जे ऐकू येते ते पुढच्या पन्नास किलोमीटरच्या फेरफटक्यात ऐकू येत नाही, हे विकणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. काका-काकू गाडी विकत नव्हते. त्यांना फक्त विचारायचे होते की आवाज येतोय तर किती घाबरायचे.

गाडीचा वापर असा: लक्ष्मी रोड, मार्केट यार्ड, बिबवेवाडीतले नातेवाईक, पद्मावतीला दवाखाना. एका फेरीत चार-पाच किलोमीटर, तेही सातारा रस्त्याच्या गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर. महिन्यातून एखाद्या वेळी पिंपळे सौदागरला मुलीकडे. वर्षाकाठी जेमतेम चार हजार किलोमीटर. शिवाय बॅटरी उतरू नये म्हणून काका एक दिवसाआड सकाळी पार्किंगमध्ये गाडी सुरू करत, पाच मिनिटे तशीच चालू ठेवत आणि बंद करून वर येत. ही सवय त्यांना टाळेबंदीच्या काळात लागली. पुण्यातल्या किती सोसायट्यांत सकाळी सातच्या सुमारास असे एकेक इंजिन पाच मिनिटे घरघरून गप्प होते, हे पेपर टाकणाऱ्या पोरांना विचारा.

अडचण

डिसेंबर. पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर उतरलेला. सेल मारला की इंजिन लगेच पकडायचे, पण पहिले तीन-चार सेकंद पुढून खडखड यायची. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी, असे काकूंचे वर्णन. मग आवाज एकदम थांबायचा आणि दिवसभर पुन्हा यायचा नाही. दुपारी दवाखान्यातून बाहेर येऊन गाडी सुरू केली तर चिडीचूप.

अशा आवाजाची एक मोठी अडचण म्हणजे तो गॅरेजमध्ये दाखवताच येत नाही. गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली की इंजिन तापलेले असते. काकू नेहमीच्या मिस्त्रींकडे दोनदा जाऊन आल्या आणि दोन्ही वेळा "काही नाही हो काकू, मस्त चाललीये गाडी" हे ऐकून परतल्या. तिसऱ्यांदा त्यांनी गाडी एका अधिकृत सेवा केंद्रात संध्याकाळी नेऊन रात्रभर ठेवली. सकाळी तिथल्या माणसाने आवाज ऐकला आणि सांगितले की टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी, सैल झाली आहे. चेन, ती ज्यावरून सरकते ती गाइड, ती ताणून धरणारा टेन्शनर, गॅस्केट आणि मजुरी मिळून सुमारे २४,००० रुपये.

काकांनी वही काढली. गाडी ३९,६०० किलोमीटर चाललेली. मागच्या ऑइल बदलीच्या वेळी काचेवर लावलेल्या स्टिकरवर पुढची बदली ४२,००० ला लिहिलेली. "अजून अडीच हजार किलोमीटर शिल्लक आहेत, म्हणजे ऑइलचा प्रश्न नाही," हा त्यांचा निष्कर्ष. मी वही पाहिली तेव्हा माझे लक्ष किलोमीटरच्या रकान्याऐवजी शेजारच्या तारखेकडे गेले. ती बदली होऊन दोन वर्षे चार महिने झाले होते.

सल्ले, आणि त्यांतले कोणते टिकतात

माझ्यापर्यंत गोष्ट येईपर्यंत त्यांच्याकडे सल्ल्यांचा ढीग जमला होता.

पहिला सेवा केंद्राचा: चेन बदला. हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता. चेन खरोखर ताणली गेली असेल आणि दुर्लक्ष केले तर ती दातावरून सटकू शकते, आणि ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वाट एकमेकांना छेदते तिथे व्हॉल्व्ह वाकतात. मग खर्च चोवीस हजारांवर थांबत नाही. पण निदान नुसत्या कानावर केले होते. ऑइलची पातळी पाहिल्याची किंवा दाब मोजल्याची नोंद जॉब कार्डावर नव्हती.

दुसरा शेजारच्या विंगमधल्या एका गृहस्थांचा: जाड ऑइल टाका, २०डब्ल्यू-५० टाका, आवाज दबेल. जुन्या गाड्यांच्या काळातला हा हमखास तोडगा. त्याला जोडून युक्तिवाद असा की डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि पुण्यात कुठे बर्फ पडतो? युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण आकडे वेगळे सांगतात. या गाडीच्या मॅन्युअलमधल्या ५डब्ल्यू-३० जातीच्या ऑइलची गतिक श्यानता, म्हणजे घट्टपणाचे माप, १०० अंश सेल्सिअसला साधारण १० ते ११ सेंटिस्टोक असते आणि ४० अंशांना ६० च्या आसपास. २०डब्ल्यू-५० मध्ये हेच आकडे साधारण १७-१८ आणि १५० च्या पुढे. म्हणजे ४० अंशांना ते अडीच पट घट्ट. पुण्यातली पहाट दहा-बारा अंशांची. तिथे दोन्ही ऑइले याहून कितीतरी घट्ट झालेली असतात आणि त्यांच्यातला फरक आणखी वाढतो. बर्फ पडण्याची गरज नाही. इंजिनाच्या दृष्टीने पुण्यातली प्रत्येक सकाळ थंडच. ज्या इंजिनाचे दुखणे ऑइल वर पोचायला उशीर होतो हे असू शकते, त्यात अधिक सावकाश पोचणारे ऑइल टाकायचे? तापल्यावर एखादी टिकटिक त्याने दबेल, सकाळची खडखड वाढेल.

तिसरा सल्ला धनकवडीच्या मिस्त्रींचा. त्यांच्याकडे हे कुटुंब वीस वर्षे जाते. ते म्हणाले, "काकू, फ्लश मारून घेऊ, सगळा गाळ निघून जाईल." फ्लश म्हणजे जुन्या ऑइलमध्ये एक बाटली ओतून इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवायचे आणि सगळे काढून टाकायचे. नियमित ऑइल बदललेल्या इंजिनाला त्याची गरज नसते, आणि दुर्लक्षित इंजिनात तो धोक्याचा ठरू शकतो. वर्षानुवर्षे बसलेला गाळ एकदम सुटतो आणि तळातल्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी तुंबली की पंपाला ऑइलच मिळत नाही.

चौथा पर्याय काही न करण्याचा. तीन सेकंदांचा तर आवाज आहे, गाडीला आठ वर्षे झाली, वाजणारच. काकांचा कल इकडे होता, आणि मला तो अगदी हास्यास्पद वाटला नाही. मात्र ते तीन सेकंद कशाचे आहेत हे कळल्याशिवाय तसे ठरवणे म्हणजे जुगार.

आवाज कुठून येऊ शकतो

इथे थोडे यंत्रातले बोलावे लागेल. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवायला पट्ट्याऐवजी चेन आहे. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की वरच्या मार्गांतले ऑइल हळूहळू तळाच्या चेंबरमध्ये उतरते. सकाळी सेल मारला की पंप ते पुन्हा वर ढकलतो, आधी फिल्टर भरतो, मग मुख्य मार्ग, मग टेन्शनर. तेवढा वेळ चेन सैल असते आणि गाइडवर आपटते. दाब आला की आवाज बंद.

सगळे ऑइल उतरू नये म्हणून फिल्टरच्या आत रबराची एक चकती असते. तिचे काम ऑइलला उलटे जाऊ न देणे. फिल्टर तोंड वर करून सरळ लटकत असेल तर ती नसली तरी फारसे बिघडत नाही, कारण ऑइल डब्यातच राहते. या गाडीत फिल्टर आडवा बसतो. तिथे चकती गळकी झाली की रात्रीत फिल्टर रिकामा होतो.

सकाळचे आवाज सगळेच चेनचे नसतात. अल्टरनेटर फिरवणारा बाहेरचा पट्टा किंचाळतो, खडखडत नाही. सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा सुटला तर तापल्यावरही ठरावीक आरपीएमला वाजतो. हायड्रॉलिक लिफ्टरची टिकटिक वरून, व्हॉल्व्ह कव्हरखालून येते आणि आरपीएमच्या निम्म्या तालात चालते. पिस्टन वाजत असेल तर तो बोथट टकटक आवाज इंजिन तापेपर्यंत, म्हणजे काही मिनिटे राहतो. तीन-चार सेकंदांत कापल्यासारखा थांबणारा आवाज बहुतेक वेळा ऑइलच्या दाबाशी बांधलेला असतो.

इंजिन उघडण्याआधीची तपासणी

या प्रकरणातला महत्त्वाचा निर्णय इथला होता. चोवीस हजारांचे काम आधी करायचे, की दोन-अडीचशे रुपयांची तपासणी आधी? ऐकायला उत्तर सोपे आहे. पण भीती बसलेली असते, सेवा केंद्रातून रोज फोन येत असतो, आणि काकूंना त्याच महिन्यात गाडी लागणार होती. तरी त्यांनी तपासणी निवडली.

गाडी त्यांच्याच पार्किंगमध्ये रात्रभर राहू दिली आणि सकाळी मिस्त्रींना तिथे बोलावले. थंड इंजिनाच्या आवाजासाठी मिस्त्रीने घरी यायला हवे, गाडीने गॅरेजला जाऊन उपयोग नाही. मिस्त्री आले, कुरकुरत का होईना.

आधी डिपस्टिक. ऑइल खालच्या खुणेवर, तेही काळे, आणि नाकाजवळ धरले तर पेट्रोलचा वास. दोन खुणांमधले अंतर बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आसपास असते. एकूण ऑइल साडेतीन लिटर. म्हणजे जवळपास पाव भाग गायब. अशा छोट्या फेऱ्यांच्या गाडीत डिपस्टिक फसवतेही, कारण ऑइल जळून कमी होत असते आणि वरून पेट्रोल व पाणी त्यात मिसळून पातळी भरून काढत असतात. पातळी ठीक दिसते, आणि एखाद्या लांबच्या प्रवासात पेट्रोल-पाणी उडून गेले की ती अचानक उतरते. मग लोक म्हणतात, हायवेवर गाडी ऑइल खायला लागली.

ऑइल भरायच्या टोपणाखाली दुधी, साईसारखा थर. तो दिसला की काहीजण लगेच हेड गॅस्केट गेली, कूलंट ऑइलमध्ये उतरतोय म्हणतात. कूलंटची पातळी जागच्या जागी होती, त्यात तेलकटपणा नव्हता. त्यामुळे हा थर नुसत्या ओलीचा. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा साधारण तितकेच पाणी तयार होते. बहुतांश वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते, पण थंड इंजिनात थोडी पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली उतरते. इंजिन पूर्ण तापले तर ती उडून जाते. पाच मिनिटांत ते तापत नाही. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचा असतो. ऑइल त्याच्या बरेच मागे असते आणि त्याला पंधरा-वीस मिनिटे गाडी प्रत्यक्ष चालावी लागते. काकांची ती सकाळची पाच मिनिटे ऑइलमध्ये ओल आणि पेट्रोल भरत होती, आणि बॅटरीच्याही पदरात त्यातून फारसे काही पडत नव्हते.

मग दाब. ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी साधा यांत्रिक गेज बसवला. हा गेज मिस्त्रींकडे होताच, फक्त कित्येक महिन्यांत कोणी मागितला नव्हता. काकूंनी सेल मारला आणि काकांनी मोबाइलवर अशा कोनातून चित्रण केले की गेजचा काटाही दिसेल आणि आवाजही येईल. चित्रणात स्पष्ट दिसले: इंजिन पकडल्यावर तीन सेकंदांहून जास्त काटा जागचा हलला नाही, आणि ज्या क्षणी तो वर उचलला त्याच क्षणी खडखड थांबली. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून मिस्त्रींनी आवाजाची जागाही पक्की केली, पट्ट्याच्या बाजूचे पुढचे कव्हर. म्हणजे आवाज चेनचाच होता. सेवा केंद्राचा कान चुकला नव्हता. प्रश्न होता चेन का वाजते याचा.

इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असतानाचा, दाब मॅन्युअलमधल्या मर्यादेत होता. त्यामुळे पंप आणि बेअरिंग या दोन महागड्या भागांवरचा संशय कमी झाला. स्कॅनरवर एकही कोड नव्हता. चेन फार ताणली असती तर क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टच्या स्थितीतली तफावत सांगणारा पी००१६ हा कोड येण्याची शक्यता होती. तो नाही म्हणजे चेन नवी आहे असे नव्हे, पण सटकायच्या बेतात असल्याचे चिन्ह नव्हते.

आधी फिल्टर, मग ऑइल

मिस्त्रींचे म्हणणे होते, ऑइल आणि फिल्टर एकदमच बदलू, उगाच दोनदा खटाटोप कशाला. व्यवहाराला धरून बोलत होते. मी फिल्टर एकटा आधी बदलायचा आग्रह धरला, कारण दोन्ही एकदम बदलले तर आवाज गेला तरी कशाने गेला हे कळणार नाही. एका रात्रीचा प्रश्न होता. नाना पेठेतून कंपनीचा मूळ फिल्टर आणला, बिल घेतले, पातळीपुरते थोडे ऑइल भरले आणि गाडी सकाळपर्यंत उभी ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याच गेजवर, त्याच जुन्या काळ्या ऑइलवर, काटा एक सेकंदाच्या थोडा पुढे उचलला. खडखड होती, पण निम्म्याहून कमी.

काढलेला फिल्टर मिस्त्रींनी कटरने उघडला. हॅक्सॉने कापू नये. कापण्याचाच कीस आत पडतो आणि मग इंजिनातला कीस कुठला ते कळत नाही. आतल्या कागदाच्या घड्यांत काळा चिकट गाळ होता, चुंबकाला लागण्याजोगे चकाकते कण नव्हते. आणि ती रबरी चकती: बोटाने दाबली तर वाकेना, कड एका बाजूला वळलेली. स्वस्तातला फिल्टर, दोन वर्षांहून जास्त काळ गरम-गार होत राहिलेला. फिल्टर बसवला तेव्हा वहीत फक्त "फिल्टर बदलला" एवढेच होते, कोणता ते नव्हते.

मग ऑइल. मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच ५डब्ल्यू-३०, सिंथेटिक, डब्यावर एपीआय एसपी ही दर्जाची श्रेणी. ही श्रेणी २०२० पासून आली आणि तिच्या चाचण्यांत टायमिंग चेनच्या झिजेची स्वतंत्र चाचणी आहे, म्हणून या गाडीसाठी तिचा आग्रह. फिल्टरसह खर्च अडीच हजारांच्या आत. फ्लश केला नाही. त्याऐवजी हे ऑइल हजारेक किलोमीटर किंवा तीन महिने चालवून काढायचे आणि पुन्हा भरायचे ठरले. ताज्या ऑइलमधली साफ करणारी द्रव्ये गाळ हळूहळू सोडवतात, आणि सुटलेला गाळ दुसऱ्या बदलीत बाहेर जातो. काकांना हे पटायला वेळ लागला. "हजार किलोमीटर चाललेलं ऑइल फेकायचं?" खर्चापेक्षा त्यांना उधळपट्टीचे वाईट वाटत होते. शेवटी मिस्त्रींनीच त्यांना टोपणाखालची साय पुन्हा दाखवली.

मधल्या काळात तळातले ऑइल चेंबर उतरवून पंपाची जाळी पाहावी का, यावर आमचे दोघांचे मतभेद झाले. मी पाहावी म्हणत होतो. मिस्त्री म्हणाले, गरम दाब बरोबर आहे म्हणजे जाळी मोकळी आहे, उगाच सीलंट उखडून गळती का लावून घ्यायची. त्यांचे ऐकले, आणि पुढे त्यांचेच बरोबर ठरले.

किती दिवसांनी बदलायचे

मॅन्युअल सगळ्यांकडे असते, ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत. या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिले होते: १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. काकांच्या वहीत यातला पहिला अर्धा भाग उतरला होता. स्टिकर लावणाऱ्याने तारखेची जागा रिकामी सोडली होती, त्यामुळे कोणी आठवणही केली नाही. पुढच्या पानावर खडतर वापराचे वेगळे कोष्टक होते: ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने. खडतर म्हटले की आपल्याला लेह-लडाख आठवते. कोष्टकात मात्र वारंवार छोट्या फेऱ्या, सतत थांबत-थांबत चालणे, बराच वेळ आयडलिंग आणि धूळ हे लिहिले होते. वर्षाला चार हजार किलोमीटर, सहकारनगर ते मार्केट यार्ड, मधे खोदलेले रस्ते. गाडी जपून वापरणारे हे सज्जन दांपत्य त्या व्याख्येत तंतोतंत बसत होते.

सहा महिन्यांचा नियम शब्दशः धरला तर दर दोन हजार किलोमीटरला ऑइल. काका म्हणाले, "लोक हसतील." वर्षाला पाच हजार रुपये, हेही त्यांनी लगेच मांडले. इथे मी त्यांच्या बाजूला झुकलो, एका अटीवर. वापरच थोडा बदलला तर गाडी खडतर कोष्टकातून बाहेर येते. पार्किंगमधली पाच मिनिटे बंद. त्याऐवजी आठवड्यातून एकदा सलग अर्धा-पाऊण तास गाडी चालवायची. काकूंनी मार्ग काढला: रविवारी सकाळी कात्रजचा नवा बोगदा ओलांडून शिंदेवाडी-ससेवाडीकडे आणि तिथूनच परत. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत जायचे नाही, हे त्यांनी आपण होऊन स्पष्ट केले. हा फेरफटका पाळला तर वर्षातून एक बदली पुरे. एखादा महिना पाळला गेला नाही तर सहा महिन्यांवर यायचे.

तारीख लक्षात कशी ठेवायची, याचे उत्तर काकूंनीच दिले. दसऱ्याला गाडीला हार घालतोच, त्याच आठवड्यात ऑइल. पावसाळा संपलेला असतो, थंडी यायची असते. तांत्रिकदृष्ट्याही मुहूर्त वाईट नाही.

दुरुस्तीचा परिणाम

नव्या ऑइलनंतर रात्रभर उभ्या गाडीत खडखड जवळजवळ ऐकू येईनाशी झाली. सेलच्या आवाजात मिसळून जाणारी एक झटकी उरली. दुसऱ्या बदलीत निघालेले ऑइल पुन्हा लवकर काळे झालेले होते, म्हणजे गाळ सुटत होता. टोपणाखालची साय गेली. पातळी तीन महिन्यांत किंचित उतरली, काळजी करण्याइतकी नाही.

मात्र गाडी तीन-चार दिवस हलली नाही तर सकाळी सेकंदभर चेन अजूनही वाजते. दोन वर्षे पातळ झालेल्या आणि कमी भरलेल्या ऑइलवर चाललेल्या गाइडची थोडी झीज झाली असणार, असा माझा अंदाज. ती भरून येत नाही.

काय वेगळे करता आले असते

सेवा केंद्रात गाडी रात्रभर ठेवण्याचा काकूंचा निर्णय उत्तम होता. तिथे एक वाक्य कमी पडले: "कोटेशनच्या आधी ऑइलची पातळी आणि दाब जॉब कार्डावर लिहून द्या." लेखी मागितले की तपासणी होते. गाडी वॉरंटीत असती तर मी सगळा क्रम उलटा केला असता. तेव्हा घरी फिल्टर बदलून प्रयोग करायचे नाहीत. चित्रण घेऊन थेट अधिकृत केंद्रात तक्रार नोंदवायची, कारण पुढे चेन गेली तर ती नोंदच कामी येते. आणि वॉरंटीतल्या गाडीचे ऑइल अडीच वर्षे न बदलल्याचा कागद हातात पडला तर दावा तिथेच अडतो.

मिस्त्रींनी पहिल्या दोन भेटींत डिपस्टिक काढून पाहिली असती तर निम्मे निदान तेव्हाच झाले असते. त्यासाठी इंजिन थंड असण्याचीही गरज नव्हती. मस्त चाललीये गाडी, हे त्यांनी नुसते ऐकून सांगितले. वीस वर्षांच्या ओळखीत विचारपूस जास्त होते आणि तपासणी कमी, असे मला इतर ठिकाणीही दिसते.

एका जागी अजूनही माझे मन दोन्हीकडे जाते. जुन्या ऑइलवर नुसता फिल्टर बदलून ठेवलेली ती एक रात्र. त्यातून फिल्टरचा वाटा वेगळा कळला, आणि त्यामुळेच आता चांगला फिल्टर घेण्याबाबत काका काटकसर करत नाहीत. पण चेन खरोखर टोकाला आली असती तर थंड इंजिनाला जास्तीचा एक सेल मारणे हाही धोका होता. पी००१६ आला असता तर मी ती रात्र घेतली नसती.

सध्याची स्थिती

चेन बदललेली नाही. या इंजिनात टेन्शनरपर्यंत जायचे तर पुढचे कव्हर उतरवावेच लागते, आणि एकदा उतरवले की चेन, गाइड, टेन्शनर तिन्ही घालणे शहाणपणाचे, मजुरी तीच. म्हणून अर्धेमुर्धे काम करण्यात अर्थ नाही. कव्हर कधी उघडायचे याच्या खुणा काकांनी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून घेतल्या आहेत: रात्रभर उभ्या गाडीत आवाज दोन सेकंदांच्या पुढे गेला तर, तापलेल्या इंजिनात एकदाही आला तर, किंवा चेक इंजिनचा दिवा लागून तो कोड निघाला तर. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी ते मोबाइलवर सेल मारतानाचा आवाज टिपतात आणि किती सेकंद वाजला ते लिहितात. वहीत किलोमीटरच्या शेजारी आता तारखेचा रकाना लाल शाईने आखला आहे, आणि फिल्टरच्या पुढे कंपनी व भाग क्रमांक. स्टिकरवरचा ४२,००० चा आकडा काकूंनी नखाने खरवडून काढला.